गेटावर टेबल टाकणाऱ्या बाई

आमच्या बाईंना केबिन होती. तिला काचेचं दार होतं, आत एसी होता, दारावर बाईंचं नाव आणि हुद्दा लिहिलेली चकचकीत पाटी होती. त्या केबिनमध्ये बाई बसल्याचं मी तरी कधी पाहिलं नाही. तिथं पुठ्ठ्याचे खोके, जुनी हेल्मेटं आणि एक बंद पडलेला कूलर आरामात राहायचे. बाईंचं टेबल गेटावर, धरमकाट्याला लागून, कडुलिंबाखाली. वजनाला आलेला ट्रक त्यांच्या कानापाशी येऊन धडधडत थांबायचा. ड्रायव्हर खिडकीतून वाकून आधी बाईंना नमस्कार करायचा आणि मग काटेवाल्याला कागद द्यायचा.

शहराच्या टोकाला असलेल्या वाडीला, अमरावती रोडवर आमचं गोदाम होतं. इंटरनेटवरून लोक जे मागवतात, कुकरपासून चादरीपर्यंत, ते सगळं तिथं यायचं, खोक्यात भरलं जायचं आणि गावोगाव निघायचं. या गोदामाला माणसं मिळवून द्यायची हे बाईंचं काम, आणि बाईंना मदत करायची हे माझं. मी नुकताच एमबीए होऊन, गळ्यात ओळखपत्र लटकवून, मोठ्या तोऱ्यात तिथं गेलो होतो. पहिल्याच दिवशी मी विचारलं, “बाई, तुम्ही आत का बसत नाही?”

“आत बसून काय करू बापा? येणारा पोरगा गेटापर्यंत येते, आतली धूळ पाहते, ट्रकांचा कल्ला ऐकते अन् तिथूनच पलटते. मले तो पलटायच्या आधी पाहिजे.”

आणि खरोखर त्या माणूस पकडायच्या. रस्त्याच्या पलीकडे कोणी रेंगाळताना दिसला की इकडून हाक जायची. “ए बाबू, इकडं ये. पाणी पी.” बाईंचा आवाज असा होता की फोनवर बोलताना फोनची खरं तर गरज नसायची. पोरगा बिचारा यायचा, माठातलं पाणी प्यायचा आणि पेला खाली ठेवीपर्यंत त्याला नोकरी लागलेली असायची. एकदा विम्याची माहिती द्यायला आलेल्या एका गृहस्थांना बाईंनी असंच माल तपासायच्या कामावर लावलं. ते पुढे बरीच वर्षं टिकले आणि विम्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

कोरोनाच्या आधी हे असं करावं लागत नव्हतं, असं जुने लोक सांगत. तेव्हा गेटावर रांग लागायची आणि बाई केबिनमध्येच बसायच्या म्हणे. कोरोना संपला, धंदा दुपटीनं वाढला आणि माणसं मात्र कुठंतरी विरघळून गेली. कोणी गावी गेला तो तिकडंच राहिला, कोणी स्वतःच्या गाडीवर घरपोच जेवण पोचवायला लागला, कोणाच्या घरचं माणूस गेलं आणि त्याचा शहरावरचा जीवच उडाला. जे यायचे ते सगळ्याला हो म्हणायचे. पगार पटला, हो. पाळी पटली, हो. सोमवारी सकाळी या, “हो मॅडम, शंभर टक्के.” सोमवारी फोन बंद. आमच्या अभ्यासक्रमात या प्रकाराला एक ऐटबाज इंग्रजी नाव होतं. ते मी बाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “नाव चांगलं आहे. पण माणूस तोंडानं नाही म्हणत नाही बापा. न येऊन दाखवते.”

मुलाखती मोबाईलवर घ्यायच्या, असा त्याच सुमारास वरून आदेश आला. आमचं मुख्य ऑफिस पुण्याला. तिथं एक तरुण साहेब होते. त्यांना सगळं पडद्यावर आणि गुणांमध्ये मोजलेलं लागायचं. तर एका संध्याकाळी बाई आणि मी मोबाईलवर एका पोराची मुलाखत घेत होतो. पोरगा प्रत्येक प्रश्नाला क्षणभर थांबायचा, डावीकडे बघायचा आणि मग फाडफाड उत्तर द्यायचा. बाईंनी तीन-चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, “बाबू, तू थोडा बाजूले सरक. मागं जो सांगून राहिला ना, त्यालेच समोर बसव.” पडद्याच्या कडेतून एक ओशाळलेला चेहरा आत आला. तो त्याचा आतेभाऊ निघाला. बाईंनी नोकरी आतेभावाला दिली. मूळ पोरालाही दिली, पण खोके उचलायच्या कामावर, जिथं मागून कोणी सांगायची सोय नव्हती.

समोरासमोरच्या मुलाखतीत मात्र त्यांचा खरा प्रश्न एकच असे. बाकी सगळं मी विचारायचो, अनुभव, शिक्षण, पत्ता. बाई कडुलिंबाच्या काड्या टेबलावरून झटकत बसायच्या आणि शेवटी विचारायच्या, “तुले सकाळी कोण उठवते?”

कोणी आई म्हणायचं, कोणी बायको. मोबाईल म्हणणाऱ्याकडे बाई संशयानं पाहायच्या. मग उठवणाऱ्या माणसाचा नंबर घ्यायचा आणि तिथल्या तिथं फोन लावायचा. “मी वाडीहून बोलून राहिले. तुमच्या पोराले नोकरी देऊन राहिलो आम्ही. उठवायचं काम तुमचं.” पलीकडची माउली घाबरून हो म्हणायची. पोरगा आला नाही की बाई पोराला फोन करतच नसत, थेट तिला करायच्या. कितीतरी घरांत आमच्या कंपनीची बिनपगारी माणसं होती, आणि ती पगारी माणसांपेक्षा वक्तशीर होती.

एकदा एक पोरगा आला. दिसायला चांगला, हुडकेश्वरला भाड्याच्या खोलीत राहणारा, बोलणं कमी. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, “आई उठवत होती.”

मला वाटलं आता त्या काहीतरी सांत्वनाचं बोलतील, कारण त्या दिवसांत तसं बोलण्याची सगळ्यांनाच सवय झाली होती. बाई एवढंच म्हणाल्या, “बरं. उद्यापासून मी उठवते.” आणि तो आमच्याकडे होता तोवर रोज सकाळी त्यांनी त्याला फोन केला. सुटीच्या दिवशीसुद्धा करायच्या, “आज झोप, सुटी आहे,” हे सांगायला. तो पोरगा मला मध्यंतरी भेटला. आता दुसरीकडे चांगल्या जागेवर आहे. म्हणाला, सर, अजून त्याच वेळेला जाग येते.

बाई मूळच्या महाल या शहरातल्या जुन्या वस्तीतल्या. घरात सगळे बँकेत, कचेरीत चिकटलेले. वडिलांची इच्छा होती की हिनंही पंख्याखालची नोकरी धरावी. बाईंनी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात उडी घेतली, ती ट्रकवाल्यांच्या हिशेबनीस म्हणून, आणि तिथून चढत चढत इथवर आल्या. सुती साडी, खाली पळायचे बूट आणि स्कूटरवरून उतरल्यावरही बराच वेळ डोक्यावर राहिलेलं हेल्मेट अशा वेशात त्यांना पाहून नवीन माणूस गोंधळायचा. बाई अतिशय हट्टी होत्या. हट्ट हा शब्द त्यांना आवडायचा नाही. “मी हट्ट नाही करत. मी फक्त सरकत नाही,” असं म्हणायच्या.

या न सरकण्याची कसोटी लागली ती दुसऱ्या पाळीच्या वेळी.

आमच्या गोदामात तोवर एकच दिवसपाळी होती. दिवाळीच्या कितीतरी आधी, पावसाळ्यातच, ज्या मोठ्या ग्राहकाचा माल आम्ही भरायचो, त्यानं सांगून टाकलं की दुपारपाळीही सुरू करा आणि दोन्ही पाळ्या वर्षभर भरलेल्या ठेवा. जमत नसेल तर तो सगळं काम दुसऱ्या शहरातल्या गोदामाला देणार होता. तसं झालं असतं तर वाडीचं गोदाम बंद होणार होतं, म्हणजे जी माणसं कशीबशी जमवली होती तीही घरी जाणार होती. पुण्याच्या साहेबांनी हे अगदी शांतपणे सांगितलं. बाईंनीही शांतपणे ऐकलं. मग मला म्हणाल्या, “आपण लॉकडाऊनमध्ये लोकाईले घरी पाठवलं. पुन्हा नाही पाठवत मी.”

महिनाभर आम्ही वणवण केली. वाडीच्या खोल्याखोल्यांतून फिरलो, बसथांब्यांवर पत्रकं वाटली. माणसं हो म्हणत होती आणि येत नव्हती. शेवटी दिवसपाळीतला एक पोरगा म्हणाला की त्याची काकू कुहीकडच्या एका खेड्यात रोवणीची टोळी चालवते. आमच्याकडे धानाची, म्हणजे भाताची, रोपं चिखलात लावतात त्याला रोवणी म्हणतात, आणि ते काम बायकांच्या टोळ्या करतात. रोवणी आटोपली की कापणीपर्यंत त्यांना फारसं काम नसतं. बाईंच्या डोक्यात तिथंच गणित जुळलं. बायका दिवसपाळीत, आणि दिवसपाळीतली पोरं दुपारपाळीत. पोरं कुरकुरली, दुपारपाळी म्हणजे घरी जायला रात्र होते म्हणाली. बाई म्हणाल्या, “मग तुमच्या आयाबहिणीईले रात्री वाडीच्या रस्त्यावर उभं करू का?” पोरांनी दुपारपाळी घेतली.

पोळा झाल्यावर आम्ही त्या गावी गेलो. समाजमंदिरात सतरंजी टाकलेली होती आणि टोळी तिच्यावर बसलेली होती. टोळीची म्होरकी वच्छलाबाई, उंच, काळीसावळी, बोलताना थेट डोळ्यांत पाहणारी. मी पुण्याच्या नियमाप्रमाणे एकेकीची वेगळी मुलाखत घेतली आणि गुण दिले. बाईंना हा प्रकार मुळीच पटत नव्हता, पण म्हणाल्या, “साहेबाच्या मनासारखं करून पाहू एकदा.” गुणांत काही जणी बसल्या नाहीत. त्यांत यशोदामाय होती, टोळीतली सगळ्यांत म्हातारी, आणि शकुन होती, तिला एका डोळ्यानं नीट दिसत नव्हतं. निवडलेल्यांची नावं मी वाचून दाखवली. वच्छलाबाई म्हणाली, “बरं जी.” आम्हा दोघांनाही तो होकार वाटला.

सोमवारी पहाटे कंपनीची बस गावाला गेली आणि रिकामी परत आली. ड्रायव्हर म्हणाला, “मॅडम, साऱ्या बाया पारावर बसल्या होत्या. मी हॉर्न मारला, तं हसल्या.”

माझा संताप झाला. बाई उठल्या, पर्स घेतली आणि बसमध्ये चढल्या. “वळव गाडी. तू पण चल रे.” वाडी शहराच्या एका टोकाला आणि कुही दुसऱ्या. त्या एवढ्या मोठ्या रिकाम्या बसमध्ये बाई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन अशा ताठ बसल्या होत्या, की वाटावं लग्नाला चालल्या आहेत.

टोळी अजून पारावरच होती. आम्ही येणार हे जणू त्यांना ठाऊक होतं.

“काहून नाही आली वं वच्छलाबाई?”

“तुमी आमाले निवडलं जी.”

“मग?”

“आमी काय चवळीच्या शेंगा आहो निवडाले? टोळी येते, नाई तं टोळी येत नाई.”

मी मध्येच काहीतरी नियमांचं बोलायला लागलो. बाईंनी हातानंच मला थांबवलं. वच्छलाबाई यशोदामायकडे बोट करून सांगायला लागली. “कोरोनात हिचा पोरगा गेला. त्या साली रोवणीले हे बांधीतल्या चिखलात उभी नाई राहू शके. तिची पात रिकामी. मंग एका बाजूनं मी अर्धी धरली, एका बाजूनं शकुननं. हे धुऱ्यावर बसून राहे. मजुरी तिची पुरी. कोनी एक शब्द नाई काढला. अन् तुमी म्हनता तिले घरी ठेवून या.”

यशोदामाय खाली पाहत होती. तिच्याबद्दल बोलणं चाललं आहे याची तिला लाज वाटत असावी.

“अन् तुमच्या कंपन्याईचं आमाले मालूम आहे,” वच्छलाबाईचा आवाज आता चढला. “माया पोट्टा एका फॅक्टरीत होता. लॉकडाऊनमंदी मोबाईलवर मेसेज आला, उद्यापासून येऊ नोको. बस. कोनी तोंडानं सांगतलं नाई. इतकी वर्सं झाली, त्याले अजून समजलं नाई का त्याचं काई चुकलं होतं का कंपनीचं. घरीच बसून राहते. कुठी जा म्हनलं तं नाई म्हनते.”

बाई थोडा वेळ पारावर तिच्याशेजारी बसल्या. मग फोन काढला. गावात नेटवर्क मिळत नव्हतं. कोणीतरी सांगितलं की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहिलं की लागते. बाई साडी खोचून, पळायचे बूट चाकावर टेकवून ट्रॉलीवर चढल्या आणि तिथून त्यांनी पुण्याला फोन लावला. साहेबांचं बोलणं आम्हाला ऐकू येण्याचं कारण नव्हतं, पण बाई फोन हातभर लांब धरून स्पीकरवर बोलायच्या. अख्ख्या गावानं ऐकलं.

“साहेब, मी सगळ्या घेऊन राहिले.”

“मॅडम, पण त्यातल्या काही जणी निकषात बसत नाहीत ना?”

“त्याईले निकषात नाही बसायचं साहेब. बसमध्ये बसायचं आहे.”

“हे बघा, उद्या या बायका सोडून गेल्या तर जबाबदारी कोणाची?”

“माझी. टोळी मोडली तर राजीनामा देते. तुम्हाले मागावा लागणार नाही.”

मग साहेब म्हणाले, ठीक आहे. बाई खाली उतरायला लागल्या तेव्हा शकुननं हात दिला. वच्छलाबाई मात्र अजून हटून होती. तिची एक अट होती. धान कापणीला आला की टोळी जाणार, सगळीच्या सगळी, आणि कधी ते आत्ता सांगता येणार नाही.

“जा,” बाई म्हणाल्या.

“कापणी झाली का परत येऊ.”

“या.”

करार एवढाच झाला. मी बाईंना म्हटलं, हे कुठंतरी लिहून घ्यायला हवं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बसमध्ये जाऊन बसलो.

टोळी आली आणि गोदामाचं रूपच पालटलं. कोणी काय करायचं हे मी ठरवून ठेवलं होतं, ते त्यांनी पहिल्याच तासात मोडीत काढलं. शकुनला चिठ्ठ्या वाचता येत नव्हत्या, म्हणून ती सपाट पुठ्ठ्यांचे खोके उभे करायला लागली, आणि खोके उभे करण्यात तिचा हात कोणी धरू शकला नाही. यशोदामायला टेबलाच्या टोकाला स्टुलावर बसवलं, ती चिकटपट्टी लावायची. ती दमली की शेजारणीचे हात न सांगता तिच्या खोक्यांकडे वळायचे. दुपारपाळीही सुरू झाली. बाई गेटावरून हे सगळं पाहत, आणि आत काही बोलायला गेल्या तर बायका त्यांनाच कामाला लावत.

दिवाळीला थोडेच दिवस उरले असताना आभाळ भरून आलं. वच्छलाबाई जेवणाच्या सुटीत बाईंच्या टेबलापाशी आली. “हलका धान पिकून उभा आहे जी. पानी आला तं सारा झोपन. उद्यापासून आमी नाई.”

आमच्याकडे त्या दिवसांत मालाचे डोंगर लागले होते. साहेब पुण्याहून विमानानं आले. म्हणाले, काहीही करा, थांबवा त्यांना, जादा पैसे द्या. बाई म्हणाल्या, “पैशानं थांबतील साहेब. मग दिवाळीनंतर कोणाले बोलावाल?” टोळी गेली. आम्ही सगळे, हिशेबाचे, कॉम्प्युटरचे, सुरक्षेचे, टेबलांपाशी उभे राहिलो. बाईंनी साहेबांच्या हातात चिकटपट्टी दिली. पहिल्या खोक्यात साहेबांनी स्वतःचा टायही चिकटवला, पण नंतर त्यांना जमलं. पाठी मोडल्या, बोटं सोलून निघाली आणि दिवाळीचा माल कसाबसा वेळेत गेला.

जाताना साहेब अगदी सौम्यपणे म्हणाले, “मॅडम, या वेळी निभावलं. पण ग्राहकाची माणसं दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी पाहायला येणार आहेत. दुपारपर्यंत दिवसपाळी भरलेली दिसली नाही, तर गोदाम बंद. आणि तुमचा शब्द तुमच्या लक्षात आहेच.”

“शब्द माझा आहे. तुम्ही काळजी नका करू.”

काळजी मी करायला लागलो. म्हटलं, बाई, वच्छलाबाईंना एक फोन करू?

“नाही.”

“नुसतं विचारतो, कापणी झाली का म्हणून.”

“विचारलं म्हणजे भरवसा नाही असं होते. परत येऊ म्हणाली ना ते? मग येईल.”

ज्या बाई एकेका पोरासाठी त्याच्या आईला सकाळी सकाळी फोन करायच्या, त्यांनी टोळीसाठी फोन उचलायला साफ नकार दिला. मी पुन्हा पुन्हा विनवलं. एकदा मी गुपचूप नंबर लावतोय हे पाहून त्यांनी माझा मोबाईल काढून घेतला आणि आपल्या डब्याच्या पिशवीत टाकला. तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता. माझं घर त्या पगारावर चालत होतं, इतरांचीही चालत होती, आणि या बाई आपल्या भरवशाचं कौतुक करत बसल्या होत्या. तोंडावर मी तसं म्हणालोही. त्या सरकल्या नाहीत.

तो सोमवार उजाडला. कापणीपुरती बंद ठेवलेली बस बाईंच्या सांगण्यावरून त्या दिवशी नेहमीच्या वेळी गावाला गेली होती आणि नेहमीच्या वेळी परत आली नव्हती. दिवसपाळीचा हॉल मोकळा, टेबलं पुसून ठेवलेली. बाई गेटावर खुर्चीत ताठ बसल्या होत्या. तेवढ्यात एक धडधाकट पोरगा रस्ता ओलांडून आपणहून टेबलापाशी आला आणि म्हणाला, “मॅडम, काही काम आहे का?” एरवी अशा पोराला बाईंनी पाण्याचा पेला हातात देऊन तिथंच बसवून घेतलं असतं.

“आज नाही बाबू,” बाई म्हणाल्या. “दिवसपाळीच्या जागा भरल्या आहेत.”

मी हॉलकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पोरगा निघून गेला.

बस आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं, ग्राहकाची माणसं मात्र अजून यायची होती. दार उघडलं आणि आधी वच्छलाबाई उतरली, मागून शकुन, मग दोघींनी धरून यशोदामायला उतरवलं, मग बाकीच्या. सगळ्या होत्या. माझ्या जिवात जीव आला. बाईंनी माझ्याकडे विजयी नजरेनं पाहिलं आणि उठून पुढे गेल्या. “काहून वं, एवढा उशीर?”

पण टोळी आत जायला निघाली नाही. सगळ्या गेटातच उभ्या राहिल्या. वच्छलाबाईचा चेहरा कडक होता.

“बाई, तुमी एक फोन नाई केला.”

बाई बोलणार होत्या, तिनं बोलू दिलं नाही.

“कापनी होऊन हप्ता झाला. आमी रोज फोनची वाट पायली. पोट्टा म्हने, तुमाले काढलं असन, कंपन्या असंच करतात, आता मेसेज येईन. आज बस आली तं तिच्यापाशीच आमचं भांडन झालं जी. अर्ध्या म्हनत जाऊ नोको, आपली किंमत करून घेऊ नोको. मंग यशोदामाय म्हने, काढलं असन तं बाईच्या तोंडून ऐकू. मेसेजनं नाई ऐकाचं. म्हनून आलो. सांगा आता.”

आपण भरवसा म्हणून जे गप्प राहणं धरून बसलो होतो, ते तिकडे या बायकांनी आठवडाभर काय समजून सोसलं, हे बाईंना तिथं गेटात उभ्या उभ्या कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले. आजूबाजूला ड्रायव्हर होते, काटेवाला होता, दारावरचे सुरक्षारक्षक होते. बाईंनी सकाळपासून डोक्यावरच राहिलेलं हेल्मेट काढून हातात घेतलं.

“काढलं नाही,” त्या म्हणाल्या. “फोन करायले पाहिजे होता, मी नाही केला. चुकलं माझं.”

त्यांचा तो आवाज. पार रस्त्यापलीकडे ऐकू गेला असेल.

मग वच्छलाबाईनं पदर कमरेला खोचला.

“कंपनीवाल्यानं चुकलं म्हनलं,” ती म्हणाली, “हे आज घरी जाऊन पोट्ट्याले सांगन मी,” आणि टोळी आत गेली.